उथळ पाणी आणि बोगद्यातला पंखा

एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग कायदा अमलात आला. देशातल्या १११ जलमार्गांची यादी त्यात आहे आणि त्या यादीत मांजरा नदीचेही नाव आहे. त्याच एप्रिल महिन्यात मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागत होते.

धाराशिव जिल्ह्यातल्या शिक्षकांना याचे फारसे नवल वाटणार नाही. कळंबजवळची मांजरा, तेरणा, परंड्याकडची सीना, नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी, या सगळ्या नद्या आपण दोन रूपांत पाहतो. भाद्रपदात पूल ओलांडू न देणारी नदी वैशाखात वाळूचा पट्टा होऊन पडलेली असते. अशा नदीत बोट चालवायची म्हटले तर विद्यार्थी हसतील. पण कमी पाण्यात यंत्राची बोट कशी चालवावी, हा प्रश्न अभियंत्यांना बराच काळ छळत होता. त्याचे उत्तर सुंदर आहे आणि आठवीच्या मुलांना समजेल इतके सोपे आहे. ते उत्तर वेळेवर जागेवर न पोहोचल्यामुळे हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यांत आपले मराठी सैनिकही होते. उत्तर आणि त्याचा उशीर, या दोन्ही गोष्टी आपण या लेखात पाहू.

नाव किती बुडते?

पाण्यावर तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम आपण शिकवतो. नावेचा तळ पाण्याच्या पातळीखाली जितका खोल जातो त्याला आपण नावेची ‘डूब’ म्हणू. वजन तेवढेच ठेवून डूब कमी करायची असेल तर नाव लांब-रुंद आणि सपाट तळाची करावी लागते.

पहिल्या महायुद्धात यारो या कारखान्याने बांधलेल्या ‘फ्लाय’ वर्गाच्या नदीतल्या तोफनौकांचे उदाहरण घेऊ. लांबी सुमारे ३८.४ मीटर, रुंदी सुमारे ६.१ मीटर, वजन सुमारे १०० टन आणि डूब फक्त ६० सेंटिमीटरच्या आसपास. याच मापांची चौकोनी पेटी असती तर तिने सुमारे १४० घनमीटर, म्हणजे १४० टन पाणी सारले असते. नावेचे टोक निमुळते असते, म्हणून प्रत्यक्षात १०० टनच सारले जाते. विद्यार्थ्यांना पुढचा प्रश्न विचारावा : या नावेवर आणखी २० टन सामान चढवले तर ती किती खाली जाईल? पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मीटर धरले तर उत्तर येते १० सेंटिमीटर. समुद्रात हे १० सेंटिमीटर कोणी मोजणार नाही. वाळूच्या दांड्यावर मात्र नाव पुढे जाणार की रुतणार, हे तेवढ्यावरच ठरते.

उथळ पाण्याची आणखी एक खोड आहे. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. गुरुत्वत्वरण गुणिले खोली, याचे वर्गमूळ म्हणजे तो वेग. खोली १.२ मीटर असेल तर तो सेकंदाला सुमारे ३.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर येतो. नावेचा वेग याच्या जवळ गेला की तिने उठवलेली लाट तिला सोडून पुढे जाऊ शकत नाही आणि पाण्याचा विरोध एकदम वाढतो. शिवाय तळ आणि वाळू यांच्यामधल्या अरुंद जागेतून पाणी वेगाने मागे जाते, तिथला दाब घटतो आणि नाव, विशेषतः तिचा मागचा भाग, आणखी खाली बसतो. उथळ पाण्यात घाई करणारी नाव अशी स्वतःच स्वतःला गाळात घालते.

पंख्याची अडचण

आगबोटी प्रथम वल्ह्यांच्या चाकांवर चालत. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन यांनी वेगवेगळे मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत समुद्रावरून चाके हटली. नद्यांवर मात्र ती टिकून राहिली. चाकाची फक्त खालची कड पाण्यात असते, त्यामुळे हातभर पाण्यातही ते चालते. पंखा पूर्ण पाण्यात बुडालेला असावा लागतो. तो अर्धा उघडा राहिला तर हवा ओढतो, पाणी उडवतो आणि रेटा जवळजवळ देत नाही.

मग लहान पंखा का लावू नये? संवेग आणि ऊर्जा हे धडे येथे उपयोगी पडतात. पंखा पाणी मागे फेकतो म्हणून नाव पुढे जाते. फेकलेल्या पाण्याचे वस्तुमान निम्मे आणि वेग दुप्पट केला तर संवेग तेवढाच राहतो, पण गतिज ऊर्जा दुप्पट लागते. म्हणजे थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू फेकणे स्वस्त पडते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्यापेक्षा ९० सेंटिमीटरच्या पंख्याचे वर्तुळ सव्वादोनपट मोठे असते. अभियंत्याला पंखा मोठाच हवा असतो आणि नदी मात्र तो मावू देत नाही.

चाकांचीही दुखणी होती. ती अवजड असत, बाजूला लावली की नाव फार रुंद होई, मागे लावली की सगळा भार शेपटाकडे जाई. माल चढला-उतरला की चाक किती बुडावे याचा मेळ बिघडे. युद्धात तर ती गोळ्यांना उघडी पडत.

पाणी वर चढवणारा बोगदा

यावरची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या थॉर्निक्रॉफ्ट आणि यारो यांच्यासारख्या नाव-कारखान्यांनी वापरात आणली. नावेच्या मागच्या भागात तळाला आतून एक उलटी पन्हळ करायची. ती पुढून हळूहळू वर चढते आणि पंख्याच्या मागे पुन्हा खाली येऊन पाण्यात टेकते. या बोगद्यात पंखा बसवायचा. पंख्याची वरची पाती बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षाही उंच असली तरी चालते.

पण मग ती पाती हवेत फिरणार नाहीत का? नाव उभी असताना बोगद्याच्या माथ्याशी खरोखरच हवा असते. पंखा फिरू लागला की तो पाण्याबरोबर ही हवा घुसळून मागे ढकलतो. बोगद्याची पुढची आणि मागची दोन्ही तोंडे पाण्याखाली असल्यामुळे बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरचा वातावरणाचा दाब पाणी वर चढवतो. बादलीत भरलेला पेला पालथा करून वर उचलला तरी कड पाण्यात असेपर्यंत त्यातले पाणी खाली पडत नाही, तीच ही गोष्ट. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीचे पाणी तोलतो. बोगद्यात ३० सेंटिमीटर पाणी तोलणे त्याला मुळीच अवघड नाही.

पुढची अडचण बोगद्याच्या मागच्या कडेची होती. नाव रिकामी असली की ती वर उठते, कड पाण्याबाहेर येते, हवा शिरते आणि बोगदा रिता होतो. म्हणून कड खाली ठेवावी, तर लादलेल्या नावेत ती फार खोल जाते आणि पंख्याने फेकलेले पाणी उतरत्या छतावर आपटून शक्ती वाया जाते. यावर आल्फ्रेड यारो यांनी बोगद्याच्या छताचा मागचा तुकडा बिजागरीवर बसवला. भार पाहून ही झडप वरखाली करायची, एवढेच.

१८९६ ते १८९८ च्या सुदान मोहिमेत नाईल नदीवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी होत्या. ‘झफीर’ वर्गाच्या नौका मागच्या चाकाच्या होत्या, तर थॉर्निक्रॉफ्टने बांधलेल्या ‘मेलिक’ वर्गाच्या नौकांत बोगद्यातले जोडपंखे होते. त्या तुकड्यातुकड्यांनी नेऊन नदीकाठी जोडण्यात आल्या. म्हणजे १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा उथळ नदीसाठी बोट कशी बांधावी हे कोडे राहिले नव्हते.

तैग्रिस नदी, १९१५

त्या युद्धात हिंदुस्थानातून पहिल्यांदा बसऱ्याकडे गेलेले सैन्य म्हणजे सहावी (पुणे) डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये तिने बसरा घेतले. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री व ११७ वी मराठा या पलटणी तिच्यात होत्या. पुढे १९२२ मध्ये या पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि आजची बेळगावची मराठा लाइट इन्फन्ट्री तिथूनच चालत आली. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. या पलटणींतले बहुतेक जवान कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातले होते.

बसऱ्याहून बगदादला जायला आगगाडी नव्हती आणि पक्का रस्ताही नव्हता. तैग्रिस हाच रस्ता, नदीच्या वळणांनी सुमारे ८०० किलोमीटरचा. या नदीचे वेळापत्रक आपल्या नद्यांच्या उलट आहे. तिला पूर येतो तो डोंगरातला बर्फ वितळल्यावर, वसंतात. आणि पाणी सर्वांत कमी असते सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास. नेमक्या याच महिन्यांत सैन्य पुढे सरकत राहिले. सप्टेंबर १९१५ अखेर कूत घेतले, २२ नोव्हेंबरला बगदादजवळ टेसिफोनला लढाई झाली. तिथून माघार घ्यावी लागली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सैन्य कूतमध्ये कोंडले गेले.

दरम्यान यारोच्या कारखान्यात ‘फ्लाय’ वर्गाच्या बोगद्याच्या तोफनौका तयार होऊन त्यांचे भाग अबादानला जोडले जात होते. त्यांतली पहिली, ‘फायरफ्लाय’, नोव्हेंबर १९१५ मध्येच नदीवर आली. १ डिसेंबरला माघारीत तोफेचा गोळा तिच्या बाष्पपात्रात घुसला. तिला ओढायला आलेली ‘कॉमेट’ रुतली आणि दोन्ही नौका सोडून द्याव्या लागल्या.

पण खरी उणीव तोफनौकांची नव्हती. अन्न, दारूगोळा आणि जखमी माणसे वाहून नेणाऱ्या कमी डुबीच्या साध्या मालबोटींची होती. बसऱ्याहून त्यांची मोठी मागणी १९१५ च्या उन्हाळ्यात गेली होती. सिमला आणि लंडन यांच्यात कागद फिरत राहिले. हिंदुस्थानातल्या नद्यांवरून काही बोटी पाठवल्या, पण शांत पाण्यासाठी बांधलेल्या त्या सपाट नावांपैकी काही वाटेत समुद्रातच बुडाल्या. सपाट तळाची ही दुसरी बाजू आहे. जी नाव वाळूवर तरते ती उंच लाटेत टिकेलच असे नाही.

कूतच्या सुटकेसाठी आलेले हजारो सैनिक आणि तोफा बसऱ्याला खोळंबून राहिल्या, कारण त्यांना वर न्यायला बोटी नव्हत्या. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री सुमारे २७० टन अन्न घेऊन ‘जुलनार’ ही आगबोट वेढा फोडायला निघाली. नदीत आडव्या बांधलेल्या तारदोरात ती अडकली, किनाऱ्याला लागली आणि पकडली गेली. २९ एप्रिलला कूत पडले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली आणि त्यांतली हजारो वाळवंटातल्या वाटचालीत व बंदिवासात मेली. सुटकेच्या प्रयत्नांत पडलेल्या आणि जखमी झालेल्यांची संख्या याहूनही मोठी होती.

१९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. नदीवाहतुकीची उणीव हे या आपत्तीचे एक मुख्य कारण म्हणून त्यात नोंदले गेले आणि हिंदुस्थानमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोपर्यंत बोटी पोहोचल्या होत्या. फेब्रुवारी १९१७ मध्ये बोगद्यातल्या जोडपंख्यांच्या ‘टॅरँट्युला’, ‘मँटिस’ आणि ‘मॉथ’ या नौका पुढे गेल्या, ‘फायरफ्लाय’ परत मिळाली आणि ११ मार्चला बगदाद पडले. नदी तीच होती, शास्त्रही तेच होते. बदलली होती ती फक्त बोटींची संख्या.

वर्गात करून पाहा

प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली उभी चिरून अर्धी पन्हळ करा. तिच्या दोन्ही टोकांना थोडा उतार देऊन कडा खाली येतील असे पाहा. माथ्याला एक बारीक भोक पाडा. खेळण्यातल्या बोटीची, पाण्यात चालणारी छोटी मोटर-पंखा जोडी परातीत अशी बसवा की पंखा अर्धा पाण्याबाहेर राहील. मोटर सुरू करा. पाणी नुसते उडेल. आता वर पन्हळ पालथी घाला. दोन्ही टोके पाण्यात बुडालेली हवीत. हवा आपोआप निघाली नाही तर भोकातून शीतपेयाच्या नळीने ओढून घ्या आणि भोक बोटाने बंद करा. पाणी माथ्यापर्यंत चढेल आणि पंख्याच्या मागे सरळ धार दिसेल. मग बोट उचला. हवा शिरताच पाणी खाली बसेल आणि धार मोडेल. बोगद्याचे सगळे रहस्य त्या भोकावरच्या बोटात आहे.

यानंतर मुलांना आपल्या गावच्या नदीवर पाठवावे. पुलाच्या खांबावर खुणा करून दर महिन्याला पाण्याची खोली मोजून लिहायला सांगावी. वर्षाच्या शेवटी बारा आकडे हाती येतील. त्यांची सरासरी मुले लगेच काढतील. तेव्हा त्यांना विचारावे : या नदीत बारमाही नाव चालवायची असेल तर तिची डूब कोणत्या आकड्यावरून ठरवाल, सरासरीवरून की सर्वांत लहान आकड्यावरून? मांजरेच्या काठच्या मुलांचा सर्वांत लहान आकडा बहुधा शून्य असेल. तो शून्यही वहीत लिहायला सांगावा. नदीवर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हवा असतो तो हाच आकडा.