हेडफोनमधून जन्मलेला माइक

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून कायदेशीर मान्यता दिली. या बातमीची चर्चा पैशांभोवती आणि बंदीभोवती फिरली, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र चार-पाच जणांचा संघ करून खेळल्या जाणाऱ्या या खेळांत जे साधन सर्वांत आधी लागते, त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते साधन म्हणजे ओठांशेजारी येणारा, वाटाण्याएवढा माइक.

रायपूरच्या जयस्तंभ चौकात रवि भवन नावाची इमारत आहे. मोबाइल आणि त्याचे सुटे भाग यांसाठी सारे शहर तिथे येते. अशा बाजारांत गेमिंगसाठी माइकसह तयार हेडसेट मिळतातच. पण हेडफोनला वेगळा जोडता येणारा माइकही मिळतो. कुठे तो चिमट्याने बसतो, कुठे चिकटवलेल्या छोट्या चुंबकावर, तर कुठे हेडफोनची निघणारी वायर काढून तिच्या जागी माइकची दांडी असलेली वायर लावली जाते. ज्याच्याकडे गाणी ऐकण्याचा चांगला हेडफोन आधीच आहे, त्याला तो टाकून देण्याची गरज उरत नाही. ऐकणाऱ्या साधनाला बोलण्याचे साधन जोडले की काम भागते.

ही जोडणी वरवर दुकानदारी युक्ती वाटते. तिच्यामागे मात्र सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक विलक्षण योगायोगही आहे. आज हेडफोनला जो माइक जोडला जातो, त्याच्या जातीचा शोध मुळात बिघडलेल्या हेडफोनमधूनच लागला.

माइक तोंडाजवळ का हवा, हे आधी पाहू. मोकळ्या जागेत लहान उगमातून निघालेल्या ध्वनीचा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. टेबलावरचा माइक तोंडापासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि तोच ३ सेंटिमीटरवर आणला, तर त्याच्यावर पडणारा आवाजाचा दाब दहापट होतो, म्हणजे २० डेसिबलने वाढतो. खोलीतल्या कूलरची घरघर मात्र जवळपास तेवढीच राहते, कारण कूलर आधीपासूनच दूर असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या रायपुरात कूलर बंद करून खेळणे कोणाला शक्य नाही. म्हणून महागडा माइक दूर ठेवण्यापेक्षा साधा माइक ओठांजवळ आणणे अधिक उपयोगी ठरते.

हे तत्त्व पहिल्यांदा उमगले ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. १८८२ मध्ये कोलकाता आणि मुंबई येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा जोडणी माणसाच्या हातांनीच होत असे. ऑपरेटरला दोन्ही हात मोकळे हवेत, कान सतत ऐकते हवेत आणि तोंड बोलते हवे. त्याच दशकात अमेरिकेत एझ्रा गिलिलँड याने खांद्यांवर वाहायचे एक जड साधन तयार केले. त्यात कानाशी श्रवणयंत्र आणि तोंडासमोर बोलण्याचे यंत्र होते. पुढे बोलण्याचे यंत्र ऑपरेटरच्या छातीवर पट्ट्याने बांधले जाऊ लागले. त्यात कोळशाचे कण भरलेले असत. आवाजाने ते कण दाबले गेले की त्यांचा विद्युतरोध बदले आणि त्यातून जाणारा प्रवाह आवाजाच्या तालावर कमीजास्त होई. हा कार्बन मायक्रोफोन दणकट आणि स्वस्त होता, पण त्याचा आवाज खरखरीत असे.

ऑपरेटरनंतर ही गरज वैमानिकांना भासली. १९६१ मध्ये कोर्टनी ग्रॅहम आणि कीथ लार्किन या दोन वैमानिकांनी हलक्या हेडसेटसाठी प्लँट्रॉनिक्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमानेही तिचे हेडसेट स्वीकारले, आणि १९६९ मध्ये चंद्रावरून आलेला नील आर्मस्ट्राँगचा आवाज अशाच हेडसेटमधून पृथ्वीवर पोहोचला. मात्र ही साधने एक्स्चेंज, विमान आणि अंतराळयान यांच्यापुरतीच होती. ती घराघरांत यायची, तर माइक लहान, स्पष्ट आणि अतिशय स्वस्त असायला हवा होता. अडचण तिथेच होती.

स्पष्ट आवाजाचा माइक अस्तित्वात नव्हता असे नाही. १९१६ मध्ये एडवर्ड वेंट याने कंडेन्सर मायक्रोफोन विकसित केला होता. एक ताणलेला पातळ पडदा आणि त्यामागे अगदी जवळ एक स्थिर धातूची चकती, अशी त्याची रचना. दोहोंमध्ये विद्युतभार ठेवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की मधले अंतर बदलते आणि त्यासोबत विद्युतदाबही बदलतो. हा माइक अचूक होता, पण तो भार टिकवण्यासाठी बाहेरून शेकडो व्होल्टचा पुरवठा लागे. स्टुडिओत हे चालते. कोणाच्या कानाला लावलेल्या दांडीवर चालत नाही.

यावरचे उत्तर सुचवणारी कल्पना त्याहून जुनी होती. चुंबक जसा चुंबकत्व कायम धरून ठेवतो, तसा विद्युतभाराचे ध्रुवीकरण कायम धरून ठेवणारा पदार्थ असू शकेल, असे ऑलिव्हर हेविसाइड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात मांडले आणि त्याला ‘इलेक्ट्रेट’ हे नाव दिले. १९१९ मध्ये जपानमध्ये मोतोतारो एगुची याने तो प्रत्यक्ष बनवला. कार्नोबा मेण आणि राळ वितळवून, प्रबळ विद्युतक्षेत्रात ठेवून त्याने ते मिश्रण थिजवले. क्षेत्र काढल्यावरही मेणाच्या दोन बाजूंवर विरुद्ध भार उरले. दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जपानी लष्करी साधनांत अशा मेणाच्या इलेक्ट्रेटचे माइक आढळले. पण उष्णता आणि दमट हवा लागली की मेणातला भार ओसरत असे. आपल्याकडच्या एखाद्या पावसाळ्यातही तो माइक मुका झाला असता.

पुढचे पाऊल पडले ते हेडफोनच्या तक्रारीमुळे. जेम्स वेस्ट यांचा जन्म १९३१ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांना भौतिकशास्त्र शिकायचे होते. मुलाने डॉक्टर व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. विज्ञानात डॉक्टरेट मिळवूनही टपाल कार्यालयात नोकरी करावी लागलेल्या कृष्णवर्णीयांची उदाहरणे वडिलांनी त्यांच्यापुढे उभी केली. वेस्ट यांनी तरीही भौतिकशास्त्रच निवडले आणि विद्यार्थिदशेत उन्हाळी कामासाठी ते बेल प्रयोगशाळेत गेले.

तेथे दोन कानांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजातील सूक्ष्म कालांतर माणसाला कितपत जाणवते, यावर प्रयोग चालू होते. त्यासाठी अतिशय क्षणिक ध्वनी अचूक उमटवणारा हेडफोन हवा होता. वेस्ट यांनी प्लॅस्टिकची पातळ फिल्म वापरून कंडेन्सर पद्धतीचे हेडफोन तयार केले. त्यांना सुमारे ५०० व्होल्टची बॅटरी लागे. हेडफोन उत्तम चालले. वेस्ट महाविद्यालयात परतले आणि काही महिन्यांनी प्रयोगशाळेतून निरोप आला की हेडफोनचा आवाज अगदी क्षीण झाला आहे.

बॅटरीची टोके उलटी जोडून पाहा, एवढाच उपाय तेव्हा माहीत होता. तो केला आणि आवाज परत आला. बहुतेकांनी इथे समाधान मानले असते. वेस्ट यांनी मात्र असे का व्हावे, याचा पाठपुरावा केला. पुढे एकदा बॅटरी पूर्णपणे काढून टाकली, तरीही हेडफोन वाजतच राहिला! अखेर कारण स्पष्ट झाले. उच्च विद्युतदाबाखाली राहून प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये भार अडकून बसत होता. त्याचे क्षेत्र बॅटरीच्या क्षेत्राविरुद्ध असल्याने आवाज घटत होता. टोके उलटली की दोन्ही क्षेत्रे एकमेकांना साथ देत होती. ज्याला बिघाड समजले गेले, तो खरे तर इलेक्ट्रेट होता, आणि तोही मेणाचा नव्हे, तर काही हजारांश मिलिमीटर जाडीच्या फिल्मचा.

वेस्ट आणि त्यांचे जर्मन सहकारी गेरहार्ड सेस्लर यांनी हेच तत्त्व उलट दिशेने वापरले. हेडफोन विजेचा आवाज करतो, माइक आवाजाची वीज करतो; रचना तीच राहू शकते. १९६२ मध्ये त्यांनी फिल्म-इलेक्ट्रेट माइकविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले आणि जानेवारी १९६४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे त्यांनी टेफ्लॉनची फिल्म निवडली. तिच्यात भार अनेक वर्षे टिकतो आणि दमट हवेचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्याच दशकाच्या अखेरीस जपानमध्ये या माइकचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि नंतरच्या काही दशकांत जगात बनलेल्या मायक्रोफोनांपैकी बहुसंख्य याच जातीचे होते. बाहेरच्या शेकडो व्होल्टची गरज संपली आणि कंडेन्सर माइक नखाएवढा झाला.

तरी त्याला थोडी वीज लागतेच. फिल्ममधून मिळणारा संकेत इतका दुबळा असतो की वायरीतून जाताना तो हरवून जाईल. म्हणून डबीच्या आतच एक लहानसा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. त्याला लागणारे दोन-तीन व्होल्ट संगणक किंवा मोबाइल त्याच वायरीतून पुरवतो. नवा माइक जोडूनही आवाज का जात नाही, या नेहमीच्या कोड्याचे एक उत्तर इथे सापडते. मोबाइलच्या ३.५ मिलिमीटर पिनेवर चार धातुपट्ट असतात. त्यांपैकी शेवटच्या दोन पट्ट्यांचा क्रम दोन प्रचलित पद्धतींत उलटा आहे. एका पद्धतीत माइकची जागा जिथे असते, तिथे दुसरीत भूजोडणी असते. पद्धत जुळली नाही की ट्रान्झिस्टरला वीज पोहोचत नाही. अनेक संगणकांत तर हेडफोन आणि माइक यांची छिद्रेच वेगळी असतात; तिथे एका पिनेचे दोन भाग करणारा जोड लागतो. माइक निकामी ठरवून फेकून देण्यापूर्वी एवढे तपासणे इष्ट.

या साऱ्या प्रवासात मध्य भारत केवळ ग्राहक नव्हता. जबलपूरच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात बहुवारिकांच्या इलेक्ट्रेटवर, त्यांत अडकलेला भार उष्णतेने कसा सुटतो यावर, दीर्घकाळ संशोधन झाले आहे. रायपूरचा आवाजाशी असलेला संबंध मात्र प्रथम श्रोत्याचा होता. मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी असलेल्या नागपुरात आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये आले. तेव्हा रायपूर त्याच प्रांतात होते. रायपूरला स्वतःचे केंद्र मिळाले ते १९६३ मध्ये. जवळच्या भाटापाऱ्याचे श्रोते तर रेडिओ सिलोनला फर्माइशींची पत्रे पाठवण्यासाठीच ओळखले जात. त्यांची नावे हवेतून ऐकू येत. त्यांचा आवाज मात्र तिकडे पोहोचत नसे. बोलण्याचा माइक स्टुडिओत होता आणि ऐकण्याचा संच घरात.

ही दरी आता मिटली आहे. २००२ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या संचासोबत माइक असलेला हेडसेटच दिला गेला होता. खेळताना बोलणे हा खेळाचाच भाग मानला जाऊ लागला. आज छत्तीसगडमधला एखादा मुलगा दूरच्या शहरातल्या, कधीही न भेटलेल्या सवंगड्याला वेळेवर सावध करतो, तेव्हा त्या एका शब्दावर सामना फिरू शकतो. भाटापाऱ्याच्या श्रोत्यांना जे साधले नव्हते, ते त्याला एका टेफ्लॉनच्या चकतीमुळे साधते.

इलेक्ट्रेटची जागाही आता बदलते आहे. मोबाइलमध्ये सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म माइक आले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये नवा रायपूर येथे गॅलियम नायट्राइडवर आधारित सेमीकंडक्टर प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्याचा माइकशी थेट संबंध नाही. पण ज्या शहरात अशा वस्तू केवळ विकल्या जात होत्या, तिथे त्यामागचे पदार्थविज्ञान कारखान्यात उतरू पाहते आहे, ही नोंद महत्त्वाची आहे. कारखाने गुंतवणुकीने उभे राहतात. शोध मात्र, बॅटरी काढल्यावरही हेडफोन का वाजतो, असे विचारणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला त्या प्रश्नाच्या मागे जाण्याची मुभा मिळते, तिथे लागतात. वडिलांच्या धाकाला मान देऊन तो विद्यार्थी भौतिकशास्त्रापासून दूर राहिला असता, तर आज कितीतरी हेडफोन फक्त ऐकतच राहिले असते.