नोकरीतले समाधान कशावर अवलंबून असते? तब्येतीशी त्याचा काय संबंध?

ॲसिडिटी, आखडलेली मान, रात्री तीनला येणारी जाग, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात येणारा गोळा. अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला मी कामाबद्दल विचारते, तेव्हा पहिले उत्तर बहुधा "काम तसं ठीक आहे, डॉक्टर" असेच असते. नाखुशीने केलेली नोकरी हा काही आजार नव्हे. पण झोप, रक्तदाब, साखर आणि मन या सगळ्यांवर तिचा परिणाम होतो, म्हणून डॉक्टरांना त्याबद्दल जरूर सांगा.

पगार वाढला की समाधान वाढते का?

काही प्रमाणात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. पगार, कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, असे त्यांना दिसले. मनापासून समाधान मात्र हातून काही चांगले घडणे, त्याची दखल घेतली जाणे आणि जबाबदारी मिळणे यांतून येते. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, आणि माझ्या मते एक गोष्ट विसरता कामा नये: ज्याचा पगारच वेळेवर होत नाही किंवा ज्याचे कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपते, त्याला "पैसा म्हणजे सर्वस्व नाही" हे ऐकवण्यात अर्थ नाही.

कामावर आपला ताबा

हृदयाच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास प्रसिद्ध आहे. त्याचा दुसरा टप्पा मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. हृदयविकार मोठ्या साहेबांना अधिक होतो, असा सर्वसाधारण समज. दिसले उलटेच. खालच्या पदांवरच्या लोकांत तो जास्त होता, आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारख्या कारणांनी हा फरक पूर्णपणे उलगडत नव्हता. कोणते काम आधी करायचे, कसे करायचे, विश्रांती कधी घ्यायची हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना धोका अधिक होता.

म्हणजे काम खूप असणे एवढेच घातक नसते. काम खूप आणि त्यावर आपला शब्द मात्र शून्य, ही जोडी घातक. कॉल सेंटरमध्ये दोन कॉलच्या मध्ये पाणी प्यायलाही उसंत नसते, बँकेत टार्गेट वरून ठरून येते. त्रास तिथे आहे. जर्मनीचे योहानेस सीग्रिस्ट यांनी आणखी एक बाजू दाखवली: घेतलेले कष्ट आणि मिळणारा मोबदला, मान, नोकरीची शाश्वती यांचा मेळ बसेना झाला की तब्येत ढासळते.

तासांचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो.

बर्नआउट की नैराश्य?

सतत थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही, कामाशी निगडित स्थिती मानते. सुट्टीत, घरच्या माणसांत बरे वाटत असेल तर मूळ कामात असण्याची शक्यता अधिक. पण आवडत्या गोष्टींतही मन रमेना, भूक-झोप बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर नैराश्याची तपासणी करून घ्या.

सगळा दोष नोकरीवर टाकण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि गरजेनुसार बी-१२ तपासा. मोठ्याने घोरत असाल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडखळण्याच्या आजारातही दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम असे काही झाले तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका. लगेच रुग्णालयात जा.

तुम्ही आणि घरचे काय करू शकता?

वरिष्ठांकडे मोघम तक्रार करण्याऐवजी एक नेमका बदल मागा: शिफ्टचे वेळापत्रक आठवडाभर आधी मिळावे, किंवा रात्री नऊनंतर फोन नको. मन फार खचलेले असताना राजीनाम्याचा निर्णय शक्यतो पुढे ढकला. आधी झोप आणि उपचार मार्गी लावा. मात्र कामाच्या ठिकाणी छळ होत असेल किंवा जिवाला धोका असेल, तर थांबू नका.

घरच्यांनी "सगळेच करतात नोकरी" किंवा "दे सोडून" यांतले काहीच लगेच बोलू नये. आज दिवसभरात सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला, एवढे विचारा आणि ऐकून घ्या. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलेच बरे, असे बोलणे कानावर आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.