पंधरा दिवसांचे रोम, बहात्तर तासांचे रोम

२०२५ च्या ज्युबिली वर्षात, ऑक्टोबर महिन्यात, आमच्या धर्मग्रामातील एकतीस भाविकांना घेऊन आम्ही रोमला गेलो. विमानतळाबाहेर पडताच प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी प्रत्येकाच्या हाती एकेक कार्ड ठेवले. 'रोमा पास' असे त्याचे नाव. हे कार्ड जवळ असले की बहात्तर तास शहरातील बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे यांचे वेगळे तिकीट काढावे लागत नाही. पहिल्या दोन प्रेक्षणीय स्थळी विनामूल्य प्रवेश मिळतो, त्यापुढील स्थळी सवलत. अठ्ठेचाळीस तासांचाही एक पास आहे, त्यावर एकच स्थळ. कोलोसियम पाहावयाचे तर पास असूनही वेळ आधी राखून ठेवावी लागते. व्हॅटिकनची संग्रहालये या पासात येत नाहीत, कारण ते राज्यच वेगळे! एवढे सर्व समजावून सांगता सांगता आमचा घसा कोरडा पडला.

एक गोष्ट मात्र आम्हांलाच कोणी सांगितली नव्हती. पासाचे बहात्तर तास मोजले जातात ते पहिल्या वापरापासून. मुक्कामी सामान टाकून त्याच दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास आम्ही सांता मारिया माज्जोरे या बासिलिकेत पोप फ्रान्सिस यांच्या कबरीचे दर्शन घेण्यास निघालो आणि बसमध्ये मोठ्या हौसेने एकतीसच्या एकतीस कार्डे यंत्राला लावली. झाले, घड्याळ सुरू झाले. ज्या बासिलिकेत जावयास एक पैसाही लागत नाही, तिच्या वाटेवरच पासाचा पहिला दिवस संपला. कबरीवर 'फ्रान्सिस्कुस' हे एकच नाव कोरलेले आहे. लोक मुकाट्याने रांगेत उभे होते. परतताना बसमध्ये एकजण हिशेब करीत होता की, आता नेमके किती तास उरले.

आमच्या सोबत सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. आयुष्यभर केळीच्या बागेत राबलेल्या. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "फादर, ह्या पासावर देवळात किती वेळ बसता येतं?"

आम्ही हसलो. पण सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेचा इतिहास घोकला होता, तो त्या प्रश्नाने जागा झाला. रोमला येणाऱ्याने काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि किती वेळात, हे ठरवून देणारे पास काही आजचे नाहीत.

नवव्या शतकातील एक हस्तलिखित स्वित्झर्लंडमधील आइन्झिडेल्न येथील मठात जतन झाले आहे. त्यात रोमच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत चालत जाताना डाव्या हाताला काय दिसते आणि उजव्या हाताला काय, याच्या याद्या दिल्या आहेत. बाराव्या शतकात 'मिराबिलिया' नावाचे पुस्तक निघाले. रोमच्या नवलांचे वर्णन त्यात आहे, त्यांतील निम्म्या गोष्टी दंतकथा, तरी पुढील कित्येक पिढ्या यात्रेकरू ते घेऊन फिरले. १२०० च्या सुमारास पोप इनोसंट तिसरे यांनी संत पेत्र आणि संत पौल यांच्या प्रतिमा असलेले शिशाचे बिल्ले ओतण्याचा हक्क संत पेत्राच्या बासिलिकेतील धर्मगुरुमंडळास दिला. यात्रेकरूने तो बिल्ला टोपीवर वा झग्यावर लावावयाचा. परतीच्या वाटेवर तो पाहून लोकांना कळे की, हा मनुष्य रोमला जाऊन आला. पण हा पास यात्रा पूर्ण झाल्यावर मिळे, आधी नव्हे.

मग १३०० साल उजाडले. पोप बोनिफास आठवे यांनी २२ फेब्रुवारी १३०० रोजी पहिल्या ज्युबिलीची घोषणा केली. तिची अट मुळातून वाचण्यासारखी आहे. पापांचा पश्चात्ताप करून, पापनिवेदन करून, संत पेत्र आणि संत पौल यांच्या बासिलिकांना दररोज निदान एकदा भेट द्यावयाची. किती दिवस? रोमच्या रहिवाशाने तीस, बाहेरून आलेल्याने पंधरा. या दोन बासिलिका शहराच्या दोन टोकांना, मध्ये सुमारे दोन कोसांचे अंतर. म्हणजे आल्प्स ओलांडून पायी आलेला जर्मन शेतकरी पंधरा दिवस रोज तीच वाट तुडवीत होता. नवीन काहीही पाहावयाचे नाही; काल पाहिले तेच आज, आज पाहिले तेच उद्या! आजच्या पासाच्या दृष्टीने हा शुद्ध तोटा.

फ्लोरेन्सचा इतिहासकार जोव्हान्नी व्हिल्लानी त्या वर्षी स्वतः रोममध्ये होता. रोमकरांखेरीज कोणत्याही वेळी दोन लाख यात्रेकरू शहरात असत, असे तो लिहितो. आकडा थोडा फुगवलेला असेल. परंतु ते प्राचीन अवशेष पाहतानाच त्याला आपल्या शहराचा इतिहास लिहिण्याची प्रेरणा झाली, ही त्याचीच कबुली आहे. दान्तेने नरकवर्णनाच्या अठराव्या सर्गात एक उपमा दिली आहे ती याच वर्षाची. टायबर नदीवरील सांत आंजेलो पुलावर जाणाऱ्यांनी एका बाजूने आणि येणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने चालावे, अशी व्यवस्था रोमकरांनी केली होती. नरकातील दोन रांगांचे वर्णन करण्यास कवीला ज्युबिलीची गर्दी आठवावी, यावरून ती केवढी असेल याची कल्पना यावी.

ती शिस्त पुढे टिकली नाही. १४५० च्या ज्युबिलीत, १९ डिसेंबर रोजी, संत पेत्राच्या बासिलिकेकडून परतणाऱ्यांचा लोंढा त्याच पुलावर आला. पुलावर घरे आणि दुकाने होती, वाट अरुंद. समोरून आलेले एक खेचर गर्दीत अडकून बिथरले. सुमारे दोनशे माणसे चेंगरून वा नदीत पडून मेली. पोप निकोलस पाचवे यांनी पुलावरील बांधकामे पाडावयास लावली आणि मृतांच्या स्मरणार्थ पुलाच्या तोंडाशी दोन लहान प्रार्थनामंदिरे उभारली. आज तेथे संत पेत्र आणि संत पौल यांचे पुतळे आहेत. आमच्या मंडळींनी त्या पुतळ्यांपाशी छायाचित्रे काढून घेतली तेव्हा त्यांना हे सांगावे की नाही, अशा विचारात आम्ही पडलो. शेवटी सांगितले. सर्वांनी तेथेच उभ्याने एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटली.

आमच्या मते रोमदर्शनाचा खरा जाणकार म्हणजे संत फिलिप नेरी. हा मूळचा फ्लोरेन्सचा, जन्म १५१५ चा. तरुणपणी रोमला आला तो कायमचा. १५४८ मध्ये त्याने काही सामान्य लोकांना हाताशी धरून यात्रेकरूंच्या सेवेसाठी बंधुसंघ काढला. दमून आलेल्यांना निवारा द्यावयाचा, जेवू घालावयाचे, त्यांचे पाय धुवावयाचे. पुढे धर्मगुरू झाल्यावर, १५५२ च्या सुमारास, त्याने सात मंदिरांची यात्रा सुरू केली: संत पेत्र, संत पौल, संत सेबॅस्टियन, लॅटरनचे संत योहान, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि सांता मारिया माज्जोरे. सातही स्थळे प्राचीन, पण त्यांना एका दिवसाच्या आनंदात गुंफण्याची युक्ती नेरीची. रोममध्ये कार्निव्हलचा धिंगाणा चालू असे तेव्हाच तो माणसे गोळा करून निघे. वाटेत गाणी, वाद्ये, लहान मुलांनी केलेली प्रवचने; आणि दुपारी एका बागेत गवतावर पंगत. पाव, अंडी, चीज, फळे आणि थोडा द्राक्षारस. आरंभी मोजके लोक येत, नंतर हजारो येऊ लागले. एवढी गर्दी कशासाठी जमते, असा संशय अधिकाऱ्यांना आला आणि काही काळ या यात्रेवर बंदीही आली! मनुष्य हसतमुखाने देवाकडे जाऊ लागला की संशय येतो, हा अनुभव पुष्कळ संतांना आहे.

याच फिलिप नेरीला १२ मार्च १६२२ रोजी संतपद जाहीर झाले, आणि त्याच दिवशी, त्याच वेदीसमोर, आपल्या संत फ्रान्सिस झेवियरलाही. रोम सोडून पूर्वेकडे आलेला एक आणि रोम कधीही न सोडणारा दुसरा, असे दोघे एकाच पंक्तीत बसले. वसईच्या संत गोन्सालो गार्सियाला तीच पंक्ती मिळावयास १८६२ साल उजाडावे लागले, हे सांगताना आमच्या मंडळींचे चेहरे खुलले.

नेरीच्या हयातीतच पोप सिक्स्तुस पाचवे यांनी रोमचा नकाशाच यात्रेकरूसाठी बदलला. अवघी पाच वर्षे, १५८५ ते १५९०, ते गादीवर होते. त्यांनी दूरच्या बासिलिकांना जोडणारे सरळ रस्ते आखले आणि त्यांच्या टोकांशी इजिप्तहून प्राचीन काळी आणलेले पाषाणस्तंभ उभे केले. संत पेत्राच्या चौकातील स्तंभ, सुमारे ३३० टन वजनाचा, १५८६ मध्ये दोमेनिको फोंताना याने शेकडो माणसे आणि घोडे लावून जागेवर बसविला. त्यानंतर सांता मारिया माज्जोरेपाशी १५८७ मध्ये, लॅटरनपाशी १५८८ मध्ये. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याने मान वर करून स्तंभ पाहावा आणि त्या दिशेने चालू लागावे. एवढा चोख पास त्यानंतर कोणी काढला नाही.

पुढचा इतिहास प्रवाशांचा आहे, यात्रेकरूंचा नव्हे, आणि तो थोडक्यात सांगितला तरी चालेल. इंग्लंडचे धनिकपुत्र शिक्षण संपले की इटलीची सफर करू लागले. थॉमस कुक या बाप्टिस्ट प्रचारकाने १८४१ मध्ये लेस्टरहून मद्यपानबंदीच्या सभेसाठी आगगाडीने माणसे नेली, १८६४ मध्ये तो प्रवाशांना इटलीत घेऊन आला आणि १८६८ मध्ये त्याने हॉटेलांची कूपने काढली. पैसे आधी भरावयाचे, प्रवासात कागद दाखवावयाचा. आमच्या हातातील कार्डाचा आजा तो हाच. त्याचा व्यवसाय पुढे इतरांच्या हाती गेला आणि २०१९ मध्ये ती मूळ ब्रिटिश कंपनी बुडाली. कूपनाची कल्पना मात्र जिवंत राहिली.

दुसऱ्या दिवशी पॅन्थिऑनच्या दाराशी आमच्या मंडळींत वाद झाला. हे रोमन मंदिर ६०९ मध्ये पोप बोनिफास चौथे यांनी पवित्र मरिया आणि रक्तसाक्षी यांच्या नावाने ख्रिस्तमंदिर केले; म्हणूनच ते पाडले न जाता आजवर उभे राहिले. जुलै २०२३ मध्ये तेथे पाच युरोचे तिकीट सुरू झाले. "देवळाला तिकीट?" असे एकाने रागाने विचारले. आम्ही सांगितले की, इमारत सरकारच्या ताब्यात आहे, मिस्सेसाठी येणाऱ्यास तिकीट नाही, आणि उत्पन्नाचा तीस टक्के वाटा रोमच्या धर्मप्रांताकडे जातो. उत्तर बरोबर होते. तरीही ते देताना आमचा आवाज थोडा उतरला, हे कबूल करावयास हवे. मिस्सेला आलेला कोण आणि पाहावयास आलेला कोण, हे दारावरचा पहारेकरी कशावरून ठरविणार? छताच्या गोल उघड्या झरोक्यातून पेंटेकॉस्टच्या सणाला गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव होतो. त्या पाकळ्या दोघांवरही पडत असतील.

याउलट ज्युबिलीसाठी ख्रिस्तसभेने स्वतःच एक पास काढला होता. यात्रेकरूचे कार्ड, पूर्णपणे विनामूल्य, मोबाईलवर मिळणारे. पवित्र दारातून जाण्याची वेळ त्यावर राखावयाची. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी उघडलेले संत पेत्राच्या बासिलिकेचे ते दार ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे यांनी बंद केले. १३०० च्या पंधरा दिवसांची अट केव्हाच गेली आहे. आता एक भेट पुरते. आम्हांलाही त्या दारातून जावयास फार वेळ लागला नाही, आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न आला तो, "आता पुढे काय?"

पुढे कोलोसियम होते, साडेबाराची वेळ राखलेली. मध्ये तासभर मोकळा मिळाला म्हणून आम्ही सर्वांना सांत आगोस्तिनो या मंदिरात नेले. तेथे डाव्या हाताच्या पहिल्याच वेदीवर कारावाज्जोचे चित्र आहे, सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातील. पवित्र मरिया बाळ येशूला घेऊन दाराच्या उंबऱ्यावर अनवाणी उभी आहे आणि तिच्यापुढे दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून बसले आहेत. पुरुषाचे तळवे पाहणाऱ्याकडे आहेत, मळलेले. चित्र प्रथम लागले तेव्हा या पायांवरून मोठा गलबला झाला होता. फिलिप नेरीचा बंधुसंघ जे पाय धूत होता, तेच हे पाय.

मावशी चित्रासमोरच्या बाकावर बसल्या त्या उठेनात. पावणेबारा झाले, बारा झाले. आम्ही घड्याळ दाखविले. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा फादर. हा माणूस आमच्यासारखा चालून आलाय." एका सोबतिणीला त्यांच्याजवळ ठेवून आम्ही उरलेल्यांना घेऊन धावतच निघालो. कोलोसियममध्ये मंडळींना आम्ही भरभर सांगितले की, १७५० च्या ज्युबिलीसाठी पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी येथे क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने उभारली, १८७४ मध्ये ती काढून टाकण्यात आली, १९२६ मध्ये क्रूस परत आला. पण क्रुसाची वाट म्हणावयास वेळ नव्हता. मागून दुसऱ्या वेळेचे लोक आत येत होते.

संध्याकाळी मावशी मुक्कामी भेटल्या. त्यांचा पास एका बसप्रवासाखेरीज कोठेही वापरला गेला नव्हता. तो आमच्या हाती देत त्या म्हणाल्या, "फादर, कोणाच्या उपयोगी पडला तर द्या." पास व्यक्तिगत असतो, त्यावर नाव लिहावे लागते आणि दुसऱ्यास देता येत नाही, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. सध्या तो आमच्या दैनंदिन प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून आहे.