भिंतीवरचा फेर आणि आतला चौक

आपल्या नव्या मुंबईत भाजीला निघालेल्या बाईला वाटेत रंगविलेली भिंत लागणार नाही, असे आता क्वचितच घडते. कोठे खाडीतले रोहित पक्षी, कोठे मासळीची टोपली घेतलेली कोळीण, तर कोठे गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांनी काढलेली वारली माणसे. ही माणसे आपण रोज पाहतो. परंतु ती काय सांगतात हे विचारावयाचे राहून जाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते थोडे समजून घेऊ.

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की वारली माणसाचे धड होते. त्रिकोण डोंगरावरून व झाडाच्या शेंड्यावरून आला आणि वर्तुळ सूर्यचंद्रावरून, असे जाणकार सांगतात. रस्त्यावरच्या भिंतीवर बहुधा असतो तो तारपा नाच. मध्ये दुधी भोपळ्याचा आणि बांबूचा तारपा वाजविणारा, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेला स्त्रीपुरुषांचा फेर. पीक हाती आल्यावरचा हा आनंद आहे. वाजविणारा वळेल तसा फेर वळतो; त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाही.

मात्र या चित्रकलेचे मूळ फेरात नाही, चौकात आहे. डहाणू, तलासरी, जव्हारकडील वारली घरात लग्न निघाले की सवाष्णी गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकट काढतात. टोक चेचलेली बांबूची काडी हाच त्यांचा कुंचला. चौकटीच्या आत सुफलतेची देवी पालघट बसते. सूर्य, चंद्र, फणी, शिडी तिच्या सोबतीला असतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणून देवतांना आवाहन करते. चौकावाचून लग्न नाही. म्हणजे ही शोभा नव्हे. हा विधी आहे, आणि तो बायकांच्या हातचा आहे.

मग रस्त्यावर चौक का दिसत नाही? माझ्या मते ती चूक नव्हे, मर्यादा आहे. देवघर कोणी चव्हाट्यावर मांडीत नाही. परंतु चौक आत राहिला तसे ती काढणाऱ्या बाईचे नावही आतच राहिले. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. तेव्हा पुढे झाले ते गंजाडचे जिव्या सोमा मशे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. तरी ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या हे चित्र जपले, त्यांतील किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील?

हे सारे दूर डोंगरातले आहे, असे म्हणून भागणार नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसू लागले. आपल्या इमारतींखाली कोठे भाताची खाचरे होती, कोठे मिठागरे. त्या गावांतील आगरी लग्नातही धवले गाणारी धवलारीण असतेच. वारल्यांची धवलेरी आणि आपल्या शेजारच्या गावठाणातील धवलारीण! नावांतील हे साम्य पाहिले की भिंतीवरचे चित्र एकदम घरचे वाटू लागते. आणि चित्रातला पांढरा रंग मुळात तांदळाचा, हे आठवले की पायाखालची जमीनही बोलू लागते.

भगिनींनो, भिंतीवरचा रंग दोनचार पावसाळ्यांत उडतो आणि नवा दिला जातो. पुन्हा आपल्या आळीत भिंत रंगेल तेव्हा दोन गोष्टी आपण मागून घ्याव्यात. रंगविणाऱ्या मुलींची नावे कोपऱ्यात ठळक लिहिली जावीत. आणि त्याआधी एका दुपारी गावठाणातील वयस्क धवलारणींना मंडळात बोलावून, त्यांचे धवले आपण खाली बसून ऐकावेत व त्यांच्या परवानगीने वहीत उतरवून घ्यावेत. भिंत पुन्हा रंगविता येते. कंठ गेला की गाणे गेले.