तौबेची वही

इतिहासाच्या तासाला आम्ही फळ्यावर तीन सनावळ्या लिहितो. १५२६ पानिपत, १५२७ खानवा, १५३० बाबराचे निधन. मुले त्या उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. या तीन सनांच्या मधोमध एका माणसाने स्वतःच्या व्यसनाशी दिलेली झुंज दडलेली आहे, हे आम्हालाही बी.एड. होऊन शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळले. तेही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे.

हा मुलगा आमच्याकडे आठवीपर्यंत शिकला आणि यंत्रमागावर लागला. रात्रपाळी संपल्यावर झोप यावी म्हणून गोळी घेऊ लागला. पुढे गोळीशिवाय त्याचा दिवसच सुरू होईना. यंत्रमागाच्या गावांत या गोळीला 'कुत्ता गोली' म्हणतात. नावातच तिची लायकी सांगितलेली आहे, तरी माणसे घेतात. एक दिवस त्याची अम्मी शाळेच्या फाटकाशी आली. म्हणाली, "सर, आप समझाओ उसको. पर मोहल्ले में किसी को मत बोलना." पहिल्या वाक्यात आईची काळजी होती. दुसऱ्या वाक्यात आपल्या सगळ्या समाजाची रीत होती.

आम्ही त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. औषध सुरू झाले. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला एक काम दिले, रोज रात्री वहीत लिहायचे. तो वही घेऊन आमच्याकडे आला आणि विचारू लागला, "सर, क्या लिखूं?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही आमच्याच कपाटातल्या दोन पुस्तकांकडे वळलो. एक बाबराचे आणि दुसरे त्याच्या पणतूचे, जहांगीरचे.

बाबराचा जन्म १४८३चा, फरगणा प्रांतातला. त्याने आपली आत्मकथा चगताई तुर्कीत लिहिली. त्याच्या वडिलांना मद्याचे वावडे नव्हते, पण लहानपणी समोर आलेला पेला बाबराने नाकारला. १५०६ साली तो हेरातला आपल्या चुलतभावंडांच्या मैफलीत गेला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मनात ओढ होती, आग्रह होता, तरी तो प्याला नाही, आणि ही ओढ त्याने लपवलेली नाही. त्यानंतरच्या सुमारे दहा-अकरा वर्षांची पाने आज उपलब्ध नाहीत. १५१९मध्ये नोंदी पुन्हा सुरू होतात तेव्हा आपल्यासमोर वेगळाच बाबर येतो. आज नदीवर मद्याची मैफल, उद्या बागेत माजून, परवा पुन्हा मद्य. माजून म्हणजे भांग-अफूसारखे पदार्थ घालून केलेला गोड पाक. दारू पिणारे आणि माजून खाणारे एका बैठकीत बसले की बैठक हमखास बिघडते, असे निरीक्षणही तो नोंदवतो.

त्याच वर्षातली एक नोंद आम्ही त्या मुलाला वाचून दाखवली. दिवसभर नावेत पिणे झाले. रात्री बादशहा हातात मशाल घेऊन, लगाम सैल सोडून, घोडा दौडवत छावणीत परतला. दुसऱ्या दिवशी लोकांनी हे सांगितले तेव्हा त्याला त्यातले काहीच आठवत नव्हते. मुक्कामी आल्यावर आपल्याला फार ओकाऱ्या झाल्या, हेही तो लिहून ठेवतो. हे ऐकून मुलगा हसला, मग गप्प झाला आणि म्हणाला, "मेरा भी ऐसाच हुआ था."

चाळिशी गाठली की मद्य सोडायचे, असे बाबराने मनाशी ठरवले होते. चाळिशी जवळ आली तसा तो, आता दिवस थोडेच उरले म्हणून, अधिकच पिऊ लागला. हेही त्यानेच लिहिले आहे. व्यसनी माणसाचे 'उद्यापासून' हे गणित पाचशे वर्षांत बदललेले नाही. चाळिशी आली आणि गेली, मद्य सुटले नाही.

मग आला १५२७चा फेब्रुवारी महिना. समोर राणा संगाचे प्रचंड सैन्य, आपल्या सरदारांची मने खचलेली, ज्योतिषी अपशकुन सांगतो आहे. अशा वेळी बाबराने तौबा केली. सोन्याचांदीचे पेले आणि सुरया फोडून त्यांचे तुकडे गोरगरिबांत आणि फकिरांत वाटले. गझनीहून उंटांवर लादून आलेल्या मद्यात मीठ टाकले, म्हणजे त्याचा सिरका व्हावा. सुमारे तीनशे माणसांनी त्याच्यासोबत शपथ घेतली. पुढच्याच महिन्यात त्याने खानव्याची लढाई जिंकली.

बहुतेक इतिहासलेखक इथे थांबतात. शपथ घेतली, लढाई जिंकली, संपले. काही जण तर ही निव्वळ राजकीय चाल होती असे म्हणतात. सैन्याचा हुरूप वाढवण्याचा हेतू त्यात होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सोडल्यानंतर काय होते, हा प्रश्न बादशहाला चुकला नाही आणि आमच्या विद्यार्थ्यालाही चुकणार नव्हता.

त्याचे उत्तर १५२९च्या फेब्रुवारीतल्या एका पत्रात आहे. काबूलला गेलेल्या आपल्या जुन्या सोबत्याला, ख्वाजा कलानला, लिहिलेले हे पत्र बाबराने आपल्या आत्मकथेत उतरवून ठेवले आहे. काबूलचे खरबूज कापताना आपल्याला रडू आले, असे तो लिहितो. पहिली दोन वर्षे मद्याच्या मैफलीची इतकी अनावर ओढ लागे की डोळे भरून यायचे, हेही सांगतो. यंदा मात्र, अल्लाहच्या कृपेने, ती तगमग मनातून पार गेली. आणि कशामुळे? तर 'वालिदिया'चे पद्य रूपांतर केल्याची ही बरकत असावी, असे तो म्हणतो.

'वालिदिया' ही ख्वाजा उबैदुल्लाह अहरार यांची छोटी पुस्तिका. १५२८च्या नोव्हेंबरात ताप आलेला असताना बाबराने ती तुर्की पद्यात उतरवायला घेतली. रोज दहापेक्षा कमी बैत करायचे नाहीत, असे बंधन त्याने स्वतःला घालून घेतले. हिंदुस्थानचा बादशहा, अंगात ताप, मनात मद्याची आठवण, आणि रोजचे दहा बैत. समुपदेशक बाईंनी आमच्या विद्यार्थ्याला सांगितले त्यापेक्षा हे काय निराळे होते?

अर्थात बाबराला वली ठरवण्याची घाई नको. शपथेनंतरच्या नोंदींतही माजूनचा उल्लेख येतो. एक दार बंद झाले, दुसरे किलकिले राहिले. पण ते किलकिले होते हे आपल्याला कळते कशावरून? त्याने लिहून ठेवले म्हणूनच.

आता जहांगीर. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आपण मद्य घेतले नव्हते, लहानपणी खोकल्यावर औषध म्हणून गुलाबपाण्यातून दिले असेल तेवढेच, असे तो 'तुझुक'मध्ये सांगतो. अटकेजवळ शिकारीत थकवा आला तेव्हा एका तोफचीने सुचवले की एक पेला घेतलात तर शीण जाईल. हकीम अली यांच्या घरून दीड पेला गोड, पिवळसर मद्य आले. एवढीच सुरुवात. हळूहळू द्राक्षाच्या मद्याने काही वाटेना, म्हणून तो अर्काकडे वळला. नऊ वर्षांत मजल दोनदा गाळलेल्या अर्काच्या वीस पेल्यांवर गेली, दिवसा चौदा आणि रात्री सहा. हात इतके कापू लागले की पेला दुसऱ्यांनी तोंडाला लावावा लागे. अखेर हकीम हुमाम यांनी स्पष्ट सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांत इलाज उरणार नाही. तेव्हापासून त्याने घट सुरू केली. सात वर्षांत वीसचे सहा पेले झाले, आणि तेही अर्कात मद्य मिसळून सौम्य केलेले. अफूची मात्राही तो गुंजा मोजून लिहितो.

आमचा विद्यार्थी इथे मध्येच म्हणाला, "सर, ये तो हिसाब की किताब है." बरोबर आहे. बाबराची वही मनाची आहे, जहांगीरची मापाची. व्यसनी माणूस सर्वांत आधी आकड्यांशी खोटे बोलतो. 'थोडीशीच घेतली' या वाक्यात आकडा नसतो. जहांगीरने आकडा लिहिला.

पण ही यशाची कहाणी नव्हे. जहांगीर सहा पेल्यांवर थांबला, शून्यावर गेला नाही. तो ज्या नोंदीत हा सगळा हिशेब सांगतो, ती आपल्या मुलाला, खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, पहिला पेला दिल्याची नोंद आहे. चोवीस वर्षांच्या मुलाला बाप बेताने पिण्याचा उपदेश करतो आणि पेला पुढे करतो! पुढे आजारपणात नूरजहान बेगमने त्याचे मद्य हळूहळू कमी केले, हे तो कृतज्ञतेने लिहितो. १६२२च्या सुमारास अशक्तपणामुळे त्याने रोजनिशीचे काम मुतमिद खानाकडे सोपवले. १६२७ साली तो गेला.

त्याच्या दोन भावांची कथा तर आपल्या दख्खनशी जोडलेली आहे. शहजादा मुराद १५९९ साली दख्खनच्या मोहिमेत दारूपायी गेला. अहमदनगर घेण्याच्या मोहिमेवर आलेला शहजादा दानियाल १६०५ साली बुऱ्हाणपूरला गेला. त्याची दारू बंद करण्यासाठी पहारा बसवला होता. तेव्हा त्याने एका चाकराला गळ घातली आणि आपल्या लाडक्या बंदुकीच्या नळीतून अर्क मागवला. त्या बंदुकीच्या नावातच 'जनाजा' हा शब्द होता. नळीतल्या गंजासकट तो अर्क पोटात गेला आणि त्याने अंथरूण धरले, ते कायमचेच. पहाऱ्याची जबाबदारी होती त्याच्या सासऱ्यावर, अब्दुर्रहीम खानखानान यांच्यावर. याच अब्दुर्रहीम यांनी १५८९च्या सुमारास बाबराची आत्मकथा तुर्कीतून फारसीत आणली होती. बाबराच्या तौबेचा शब्दन् शब्द ज्या हाताने उतरवला, त्या हाताला जावयाचा पेला रोखता आला नाही. दुसऱ्याने बसवलेला पहारा आणि स्वतः धरलेला हिशेब यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

स्वतःचा हिशेब ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडे तिला 'मुहासबा' असा शब्दच आहे. नवव्या शतकात बगदादचे हारिस या साधनेमुळे 'मुहासिबी' म्हणूनच ओळखले गेले. इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये व्यापाऱ्याचा दाखला दिला आहे. व्यापारी जसा भागीदाराकडून नफ्यातोट्याचा हिशेब घेतो, तसा माणसाने संध्याकाळी आपल्या नफ्सकडून घ्यावा. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांत चौथी पायरी आपल्या दोषांची निर्भय झडती घेण्याची आहे, आणि ती लिहून काढण्याची पद्धत त्यांच्या १९३९च्या ग्रंथात दिली आहे. पाचवी पायरी म्हणजे ते दुसऱ्या माणसाजवळ बोलणे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनातल्या जखमेबद्दल लिहायला लावले. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तो प्रयोग व्यसनावरचा नव्हता, पण लिहिल्याने मनावरचा दाब हलका होतो एवढे त्यातून दिसले. त्याच १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिले आणि मराठी घरांत हा विषय उघडपणे बोलला जाऊ लागला.

आमच्या मोहल्ल्यात तो अजून उघडपणे बोलला जात नाही. कारण सोपे आहे. जे हराम आहे ते आपल्यात असूच शकत नाही, असे आपण धरून चालतो. वास्तविक मनाईसुद्धा एका दिवसात आलेली नाही, ती टप्प्याटप्प्याने आली. माणसाला सवय सोडायला वेळ लागतो, हे ज्या धर्माने ओळखले, त्याच्या अनुयायांनी घसरलेल्या मुलाला वेळ देऊ नये? दुसरीकडे, मुघलांना शराबी म्हणून हिणवणारे याच दोन पुस्तकांतली वाक्ये उचलतात, आणि आपण एक तर मान खाली घालतो किंवा वकिली करतो. दोन्हींची गरज नाही. ज्यांनी स्वतःची लाज स्वतःच्या नावासह लिहून ठेवली, त्यांच्याकडून आपण लिहिण्याचे धैर्य घ्यावे.

आम्ही मुलाला साधे चार नियम सांगितले. तारीख टाकायची. घेतली असेल तर किती आणि कधी, ते आकड्यात लिहायचे. घ्यावीशी वाटण्याआधी काय घडले, कोण सोबत होते, ते लिहायचे. आणि काहीही झाले तरी पान फाडायचे नाही. पाचवा नियम डॉक्टरांचा होता. गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, ते सांगतील तशीच कमी करायची. अशी गोळी किंवा रोजची दारू अचानक तोडली तर जिवावर बेतू शकते. वही ही औषधाची जागा घेत नाही. जहांगीरलाही आधी हकीम हुमाम लागले.

त्याची वही उर्दूत आहे. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत, आम्ही लाल शाई लावलेली नाही. मध्ये तीन आठवडे पाने कोरी होती. मग एका रात्री एकच ओळ होती, तारीख आणि आकडा. त्या दिवशी तो वही दाखवायला आला तेव्हा मान वर करत नव्हता. आम्ही म्हणालो, "पान फाडले नाहीस ना? मग बस."

परवा त्याची अम्मी पुन्हा फाटकाशी आली होती. सोबत शेजारची एक बाई होती, तिच्याही मुलाचे तेच दुखणे. मोहल्ल्यात कुणाला सांगू नका, असे या वेळी ती म्हणाली नाही. त्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, इसके लडके को भी एक कापी दे दो."

आम्ही शाळेच्या कपाटातून दोनशे पानी वही काढून दिली, आणि सोबत डॉक्टरांचा पत्ता.