कोणती शाखा घ्यावी? : एका प्रश्नाचा दीडशे वर्षांचा इतिहास

दहावीचा निकाल लागला की आमच्या घराची बेल जरा जास्तच वाजते. निवृत्त मास्तरांकडे वेळ असतो, असा लोकांचा समज आहे आणि तो खराही आहे. आई-वडील येतात, मुलाला किंवा मुलीला पुढे बसवतात, गुणपत्रिका टीपॉयवर ठेवतात आणि विचारतात, ‘सर, याने काय घ्यावं?’ वीसेक मिनिटं बोलणं होतं. त्यात ज्याला किंवा जिला काही घ्यायचं आहे, ते मूल बहुधा एक शब्द बोलत नाही.

आज आपण याच प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? फॉर्म भरायचा, कला-वाणिज्य-विज्ञान यांपैकी एकावर खूण करायची, झालं. पण हा प्रश्न पडणं हीच मुळात आपल्या समाजात नवी गोष्ट आहे. सुताराच्या मुलाला ‘तू काय होणार?’ असं पूर्वी कोणी विचारत नव्हतं. भटजींच्या मुलालाही नाही. आणि मुलीला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. उत्तर जन्मासोबत यायचं. जिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं तिथे प्रश्न उरत नाही, आणि जिथे प्रश्न नाही तिथे निवडही नाही.

हे चित्र कुठे हललं? एक सोयीची तारीख धरू. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली जे पहिले चार बी.ए. झाले, त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावं आहेत. आता गंमत पाहा. मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. पण ती पास झाली की सरकारी नोकरीचंही दार किलकिलं व्हायचं. एकच परीक्षा दोन कामं करू लागली. त्यामुळे शाळेत काय शिकवायचं, हे कॉलेजला काय हवं यावरून ठरू लागलं. ज्याला कॉलेजात कधीच जायचं नव्हतं, तोही कॉलेजच्याच जिन्यावर चढत राहिला आणि मध्येच कुठेतरी खाली उतरला.

दुसऱ्या वाटा नव्हत्या असं नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं. पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचा वर्ग होता. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती, म्हणून तो निघाला. पण त्या वाटांवर कोणी जायचं, कसं ठरवायचं, हे सांगणारं शाळेत कोणी नव्हतं.

१८८२ साली हंटर आयोग आला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. शिक्षणाचा पैसा शेतकरी भरतो आणि लाभ वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा आक्षेप. पण त्याच निवेदनात अभ्यासक्रमाविषयीही ते बोलतात, ते आपण कमी वाचतो. प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध लेखन-वाचन असावं, हिशेब असावेत, त्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञानही असावं, अशी त्यांची मागणी होती. मुलाच्या आयुष्याशी अभ्यासाचा संबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे आधी फारसा कोणी मांडलेला नव्हता.

त्या आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन मार्ग सुचवले. ‘अ’ मार्ग विद्यापीठाकडे जाणारा, ‘ब’ मार्ग व्यापार-उद्योगाच्या, व्यवहाराच्या शिक्षणाचा. शाखा निवडीची आपल्याकडची ही जवळजवळ पहिली सरकारी कल्पना. ती फसली. ‘ब’ कडे फारच थोडी मुलं वळली. का? शिक्षण वाईट होतं म्हणून नव्हे. ‘अ’ च्या कागदाला किंमत होती, ‘ब’ च्या कागदाला ती नव्हती. दोन वाटा आखून दिल्या म्हणजे निवड दिली असं होत नाही, बरं का. एका वाटेच्या टोकाला मान आणि दुसरीच्या टोकाला कमीपणा असेल, तर त्याला निवड म्हणू नये. ती चाळणी आहे. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता एक विद्यार्थी घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत शिकणारा. त्याला संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्याला फारसी घ्यावं लागलं. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. विषय निवडीचा अर्ज हा किती गंभीर कागद असतो, हे या एका उदाहरणावरून कळावं. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टाने मिळवलं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या अनुभवाचं त्यांनी तत्त्वज्ञान केलं. १९३६ साली लाहोरला द्यायचं, पण न झालेलं त्यांचं व्याख्यान ‘जातिनिर्मूलन’ आपण वाचतो. त्यात ते म्हणतात की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. आणि ती माणसाच्या अंगभूत गुणांवर किंवा त्याच्या आवडीवर बेतलेली नसते. स्वतःचा व्यवसाय निवडण्याची क्षमता माणसात वाढवली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कोलंबियात ते जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. व्यवसायशिक्षणाच्या नावाखाली गरिबाच्या मुलाला कायमचं गरिबाच्या कामाला जुंपू नका, असा इशारा ड्यूईंनी १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ मध्ये दिला होता. म्हणजे शाखा निवडीचा प्रश्न हा थेट लोकशाहीचा प्रश्न आहे. आम्ही हे तत्त्वज्ञानाचे मास्तर म्हणून ओढूनताणून म्हणत नाही.

मग मुलाला निवडायला मदत करायची कशी? याचं पहिलं शास्त्र बोस्टनला तयार झालं. फ्रँक पार्सन्स नावाचे गृहस्थ होते. इंजिनिअरिंग शिकले, वकिली केली, शिकवलं, बरंच काही करून पाहिलं. १९०८ च्या जानेवारीत त्यांनी तिथे व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र उघडलं. परदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांची मुलं तिथे यायची. त्याच वर्षी पार्सन्स वारले. त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये, मृत्यूनंतर निघालं. त्यांचं म्हणणं तीन पायऱ्यांत सांगता येतं. स्वतःला ओळखा. कामांचं जग ओळखा. मग या दोन्हींचा मेळ नीट विचार करून घाला. यात तिसरी पायरी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती दुसरा कोणी आपल्या वतीने चढू शकत नाही.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर ही विचारधारा शाळेपर्यंत आली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान असे सात गट. किती सुंदर कल्पना! १९५४ मध्ये दिल्लीत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाची केंद्रीय संस्थाही निघाली. पण शेतीच्या गटाला शेत हवं, तांत्रिक गटाला कार्यशाळा हवी, शिक्षक हवेत. ते बहुतेक ठिकाणी नव्हतं.

मग १९६४-६६ चा कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे. आयोगाने म्हटलं, इतक्या लहान वयात मुलांच्या वाटा वेगळ्या करू नका. दहा वर्षं सर्वांना समान शिक्षण द्या, नंतर वाटा फोडा. आणि वरच्या दोन वर्षांत निम्मी मुलं व्यवसायशिक्षणाकडे जावीत. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली आणि १९७७ साली पहिली बारावी. दहा वर्षं समान शिक्षण, ही पहिली अर्धी गोष्ट आपण घेतली. निम्मी मुलं व्यवसायशिक्षणाकडे, हे लक्ष्य मात्र कधीच गाठलं गेलं नाही. आयटीआय, व्यवसाय अभ्यासक्रम सगळं आलं, पण तिथे कोण जाणार? तर ‘ज्याला मार्क कमी आहेत तो’. म्हणजे १८८२ चा ‘ब’ मार्ग वेगळ्या पाटीखाली पुन्हा उभा राहिला. आणि तीन शाखांची उतरंड लागली. वर विज्ञान, मध्ये वाणिज्य, तळाशी कला. हे कुठल्याही आयोगाने लिहिलेलं नाही. ते आपण लिहिलं. गुणपत्रिकेने लिहिलं.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. १९८३ साली राज्यात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि विज्ञान शाखेची ओढ गावोगाव पोचली. त्यानंतरच्या एका जूनमध्ये आम्ही आमच्या कॉलेजच्या प्रवेश समितीवर बसलो होतो. एक शेतकरी वडील मुलाला घेऊन आले. मुलाला चांगले गुण होते आणि अर्जावर त्याने ‘कला’ लिहिलं होतं. त्याला भूगोल आवडायचा. गावच्या ओढ्याचा नकाशा त्याने स्वतः काढला होता, तो वहीत घालून आणला होता. आम्ही स्वतः कला शाखेचे! तरी आम्ही म्हणालो, ‘एवढे मार्क आहेत, वाया कशाला घालवतोस?’ वडिलांनी आमच्याकडे विश्वासाने पाहिलं. अर्जावरचा शब्द खोडला गेला.

तो बारावीला नापास झाला. दुसऱ्यांदाही झाला. नंतर तो कॉलेजात दिसला नाही. बऱ्याच वर्षांनी एस.टी. स्टँडवर भेटला. ओळख दिली, वाकून नमस्कार केला. तक्रार एका शब्दाने नाही. स्वतःची शेती चांगली करतो म्हणाला. आमचं वाईट काही झालं नाही सर, असंही म्हणाला. पण तो नकाशा आम्ही विसरलेलो नाही. गुण हे किल्लीसारखे असतात, आम्ही ते ओझ्यासारखे त्याच्या डोक्यावर ठेवले.

पुढे २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. हेतू चांगला होता. पण कल वेगळा आणि क्षमता वेगळी, हे पालकांना कोणी समजावलं? गाणं आवडणं हा कल. सूर लागणं ही क्षमता. आणि रोज पहाटे रियाजाला बसणं ही तिसरीच गोष्ट, तिची चाचणी कागदावर होत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर शाखांमधल्या भिंतीच पाडा म्हणतं. कागदावरची भिंत पडेलही. मनातल्या उतरंडीचं काय, हा प्रश्न आहे.

तर मग घरी आलेल्या पालकांना आम्ही आता काय सांगतो? पहिलं म्हणजे, दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा, मुलाला बोलू द्या. दुसरं, कोणत्या निवडीने कोणतं दार उघडं राहतं ते आधी नीट पाहा. विज्ञानातून बारावी करून पुढे कला-वाणिज्याकडे येता येतं, उलट जाणं अवघड. अकरावीला गणित सोडलं तर अभियांत्रिकीची वाट बिकट होते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका केली तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कोणतीही शाखा चालते, आणि स्पर्धा परीक्षेला कोणतीही पदवी. ही माहिती गरिबाच्या घरी उशिरा पोचते, म्हणून तिथे आधी पोचवा. तिसरं, ज्या कामाचं नाव मूल घेतंय, ते काम करणाऱ्या माणसाबरोबर त्याला एक पूर्ण दिवस घालवू द्या. आणि चौथं, दार उघडं ठेवायचं म्हणून मुलाला न झेपणाऱ्या खोलीत दोन वर्षं कोंडू नका. आम्ही ते केलं आहे, म्हणून सांगतो.

ॲरिस्टॉटल म्हणतो, जे आपल्या हातात आहे त्याबद्दलच आपण विचारविनिमय करतो. कित्येक पिढ्या हे आपल्या हातात नव्हतं. ते हातात यावं म्हणून फुले-आंबेडकरांनी आयुष्य वेचलं. ती निवड आता घरात, टीपॉयवर येऊन पडली आहे. ती मुलाच्या हातून परत काढून घ्यायची असेल, तर निदान आपण काय काढून घेतोय ते माहीत असावं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आणि सभागृहात दहावीची मुलं असतील, तर पहिला प्रश्न त्यांचा.