नंदुरबारचे मनसुख वाणी

माणिक चौकातलं हुतात्मा स्मारक आणि 9 सप्टेंबर 1942 ची बालहुतात्मा शिरीषकुमारची हकिगत नंदुरबारात पोरासोरांनाही पाठ आहे. त्याच गावात 20 फेब्रुवारी 1925 रोजी जन्मलेल्या मनसुख वाणींचं नाव मात्र रसायनशास्त्राच्या वर्गातही क्वचित निघतं. मी हाच विषय शिकवतो, म्हणून ते मला फार लागतं.

मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी., 1962 मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हा कॅन्सरवर गुण दाखवणारा रेणू वेगळा काढला. त्याची रचना 1966 साली छापून आली.

सालीचा काढा प्या, गाठ विरघळेल, असं छातीठोकपणे सांगणारे आमच्याकडे भेटतात. त्यांना मी वाणींचं पुढचं काम सांगतो. पॅसिफिक यू झाडाची 12 किलो वाळलेली साल घेतली. अर्क काढायचा, पाणी आणि क्लोरोफॉर्ममध्ये हलवायचा, थर बसले की विलगकारी नरसाळ्याची चावी हळूच फिरवून खालचा उतरवून घ्यायचा. प्रत्येक भाग तपासायचा, गुण दिसेल तो ठेवायचा आणि त्याचीच पुन्हा फोड करायची. एवढ्या सालीतून हाती आलं जेमतेम अर्धा ग्रॅम टॅक्सॉल. काढ्याच्या पेल्यात त्यातलं किती उतरणार?

शिवाय अख्ख्या रेणूची रचना एक्स-रेला उलगडेना. तेव्हा त्याचे अलगद दोन तुकडे केले, एकाला ब्रोमीन, दुसऱ्याला आयोडीन जोडून स्फटिक मिळवले आणि मग दोन्ही चित्रं जुळवली. रसायनशास्त्रातलं इतकं देखणं काम मी फार थोडं पाहिलंय. 1971 ला शोधनिबंध आला. टॅक्सॉल बीजाशयाच्या कॅन्सरवर वापरायला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1992 मध्ये. कॅम्प्टोथेसिनच्या रुग्णांवरच्या चाचण्या तर विषारीपणामुळे थांबवाव्या लागल्या होत्या. त्यात फेरफार करून घडवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान 1996 मध्ये मान्य झाली.

मुंबईत गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना 1972 मध्ये कॅम्प्टोथेसिनचा तोच रेणू आपल्याकडच्या नरक्या या झाडात सापडला. मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली. टॅक्सॉलसाठी पुढे यूच्या पानांपासून सुरुवात करायची वाट निघाली, झाडं सोलून मारायची गरज उरली नाही. नरक्यालाही अशी वाट हवी आहे. वाणींच्या जिल्ह्यातल्या पोरांनी पीएच.डी.ला विषय शोधताना आधी हा प्रश्न हातात घ्यावा.